दूरध्वनीचे वेळापत्रक : आलेली हाक योग्य माणसापर्यंत

सोलापूर हे अनेक भाषांच्या संगमावर वसलेले शहर आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या भाषा येथील पेठांतून रोज कानी पडतात. उर्दू व हिंदीही येथे परक्या नाहीत. चादर आणि टेरी टॉवेल यांच्या उत्पादनामुळे या शहराचा व्यापार दूरदेशी पोहोचला आहे. जिल्ह्याचे मुख्यालय या नात्याने अकरा तालुक्यांतील नागरिकांचे काम या ना त्या कारणाने येथील कार्यालयांशी पडते. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या एखाद्या खेड्यातून सोलापूरला येऊन परत जायचे म्हणजे कष्टकरी माणसाचा एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी खर्ची पडते. हाच दिवस एका दूरध्वनीने वाचू शकतो. मात्र त्यासाठी दूरध्वनीची घंटा वाजल्यावर ती कोणीतरी ऐकली पाहिजे.

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. याचा हिशेब केला तर आठवड्याच्या १६८ तासांपैकी कार्यालय साडेबेचाळीस तास उघडे असते. शुक्रवारी सायंकाळी बंद झालेले दार सोमवारी सकाळी उघडते, तोवर साडेत्रेसष्ट तास लोटलेले असतात. नागरिकाची गरज मात्र घड्याळ पाहून उद्भवत नाही. म्हणून आलेला दूरध्वनी कोणाकडे जावा आणि कोणत्या वेळी कोठे जावा, या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवून ठेवावी लागतात. ईपीएबीएक्स यंत्रणा आणि तिला जोडलेली व्हॉइस मेलची सोय नेमके हेच काम करतात.

पूर्वपीठिका

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, तेव्हा मार्ग ठरविण्याचे काम माणूस करीत असे. केंद्रातील ऑपरेटर नाव विचारी आणि हाताने तार जोडून देई. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये स्वयंचलित जोडणीचे एकस्व मिळाले आणि फिरविलेल्या आकड्यांवरून यंत्रच मार्ग शोधू लागले. भारतात १९६० मध्ये लखनौ व कानपूर यांच्यामध्ये पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली. पुढे ट्रंककॉल नोंदवून तासन् तास वाट पाहण्याचे दिवस सरले. सोलापूरचा ०२१७, पंढरपूरचा ०२१८६ किंवा बार्शीचा ०२१८४ हा क्रमांक म्हणजे मार्ग दाखविणारी पाटीच होय. आधी प्रदेश, मग शहर आणि शेवटी घर, या क्रमाने हाक पोहोचते.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी देशी बनावटीची लहान केंद्रे तयार केली. त्याच सुमारास परदेशात निरोप ध्वनिरूपाने साठविण्याचे तंत्र विकसित होत होते. गॉर्डन मॅथ्यूज यांनी व्हॉइस मेलसाठी १९७९ मध्ये अर्ज केला व १९८३ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. आज ही सोय भिंतीवरील लहानशा पेटीत किंवा इंटरनेटवरून भाड्याने मिळते. यंत्र सुधारले, तरी त्याला नियम घालून देण्याचे काम माणसाचेच राहिले आहे.

हाक पुढे कशी सरकते

समजा, एखाद्या कार्यालयात एक मुख्य क्रमांक आणि बारा एक्स्टेन्शन आहेत. मुख्य क्रमांकावर हाक येताच यंत्रणा प्रथम घड्याळ पाहते. कार्यालय उघडे असेल तर स्वागताचा संदेश वाजतो व पर्याय सांगितले जातात. नागरिक एखादे बटण दाबतो तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे सूर एकाच वेळी निघतात; १ या आकड्यासाठी ते ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे असतात. या जोडसुरावरून यंत्रणा आकडा ओळखते आणि हाक संबंधित शाखेकडे पाठविते.

शाखेत एकाहून अधिक कर्मचारी असतील, तर त्यांचा गट करता येतो. गटात घंटा वाजविण्याच्या तीन रीती आहेत. पहिल्या रीतीत सर्व एक्स्टेन्शन एकदम वाजतात. दुसऱ्या रीतीत ठरलेल्या क्रमाने एकामागून एक वाजतात. यात पहिल्या टेबलावरच्या लिपिकावर सर्वाधिक भार येतो. तिसऱ्या रीतीत प्रत्येक नवी हाक पुढच्या टेबलापासून सुरू होते आणि काम समान वाटले जाते. जेथे हाका पुष्कळ येतात, तेथे ही तिसरी रीत न्याय्य ठरते.

यानंतर तीन प्रसंगांची तरतूद वेगवेगळी करावी लागते. लाइन व्यस्त असणे, घंटा वाजूनही कोणी न उचलणे आणि कार्यालय बंद असणे, हे ते तीन प्रसंग होत. आपल्याकडे घंटेचे एक आवर्तन साधारणपणे तीन सेकंदांचे असते. पाच आवर्तनांनंतर, म्हणजे सुमारे पंधरा सेकंदांनी, हाक पुढच्या टेबलाकडे सरकावी असा नियम योग्य होय. शेवटच्या टेबलावरही उत्तर मिळाले नाही, तरच ती निरोपपेटीकडे जावी.

येथे एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. आस्थापना शाखेची हाक लेखा शाखेकडे आणि लेखा शाखेची आस्थापनेकडे वळविली गेली, तर ती दोन्ही टेबलांमध्ये फिरत राहते. कागदाची टोलवाटोलवी निदान नस्तीवर दिसते. दूरध्वनीची टोलवाटोलवी कोणाच्याच नोंदीत येत नाही. म्हणून प्रत्येक मार्गाचा शेवट माणसापाशी किंवा निरोपपेटीपाशी होतो की नाही, हे कागदावर आराखडा काढून तपासावे.

वेळापत्रकाचे तीन थर

वेळेचे नियम तीन थरांत मांडले म्हणजे गोंधळ होत नाही. पहिला थर साप्ताहिक वेळापत्रकाचा. त्यात सोमवार ते शुक्रवार ९.४५ ते ६.१५ ही वेळ नोंदवावी. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीत कर्मचारी पाळीपाळीने उठत असतील, तर दूरध्वनी बंद ठेवण्याचे कारण नाही. त्या वेळेपुरता गट लहान करावा. दुसरा थर सुट्ट्यांचा. तिसरा थर आकस्मिक प्रसंगांचा. अतिवृष्टी, निवडणूक किंवा अचानक जाहीर झालेली सुटी अशा वेळी तो हाताने चालू करावा लागतो.

या थरांचा अग्रक्रमही ठरलेला असावा. विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो, हे कायद्यातील तत्त्व येथेही लागू पडते. आकस्मिक नियम सर्वांत वर, त्याखाली सुटी आणि त्याखाली साप्ताहिक वेळ. हा क्रम उलटला, तर सुटीच्या दिवशी यंत्रणा नागरिकाला रिकाम्या खोलीत घंटा ऐकवीत बसते.

सुट्ट्यांच्या थरात सोलापूर जिल्ह्यासाठी अधिक दक्षता लागते. प्रजासत्ताक दिनासारखी ठरावीक तारीख एकदा नोंदविली की दरवर्षी चालते. तिथीवर येणाऱ्या सणांचे तसे नाही. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली. बहुतेक यंत्रणांना तिथी कळत नाही, फक्त तारीख कळते. त्यामुळे शासनाची वार्षिक सुट्ट्यांची यादी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्या दरवर्षी नव्याने भराव्या लागतात. गतवर्षीच्या तारखा आठवणीने काढाव्या लागतात, हे वेगळे सांगावयास नको. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रेच्या व पंढरीच्या वारीच्या काळात काही शाखांकडील हाका कमी होतात, तर आरोग्य, पाणीपुरवठा व वाहतूक यांच्याकडील अनेक पटींनी वाढतात. त्या दिवसांपुरते स्वतंत्र वेळापत्रक करणे हिताचे असते.

यंत्रणेचे घड्याळ बरोबर आहे की नाही, ही तपासणी लहान वाटते. पण चूक झाली तर ती मोठी होते. अनेक यंत्रणा मूळ जागतिक प्रमाणवेळ धरतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. ही दुरुस्ती राहून गेली, तर सकाळी पावणेदहाला उघडायचे दार दुपारी सव्वातीनला उघडते आणि रात्री पावणेबारापर्यंत उघडे राहते. तोवर सकाळभर प्रत्येक नागरिक ‘कार्यालय बंद आहे’ हेच ऐकत राहतो. तक्रार झाल्याशिवाय हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उद्योजकांसाठी हाच विचार निराळ्या रीतीने उपयोगी आहे. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतीत सायंकाळी सव्वासहा वाजतात, तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे पावणेदोन आणि उन्हाळ्यात पावणेतीन वाजलेले असतात. तेथील ग्राहकाचा अर्धा दिवस अजून बाकी असतो. अशा वेळी निर्यातीच्या चौकशीपुरता दूरध्वनी रात्री आठपर्यंत जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर वळविणे आणि इतर हाका निरोपपेटीत घेणे, ही साधी योजना मागणी हातची जाऊ देत नाही.

भाषा आणि पर्याय

ज्या शहरात आजी तेलुगू बोलते, नातू मराठी शाळेत जातो आणि शेजारी कन्नड बोलतो, तेथे केवळ एका भाषेतील स्वागतसंदेश अपुरा पडतो. राजभाषा मराठी प्रथम असावी. त्यानंतर आपल्याकडे येणाऱ्या लोकांचा विचार करून कन्नड, तेलुगू, उर्दू किंवा हिंदी यांची निवड द्यावी. मात्र दिलेल्या भाषेत बोलणारा कर्मचारी मार्गाच्या शेवटी असणे अगत्याचे आहे.

पर्याय चार-पाचांहून अधिक नसावेत. ‘जन्म-मृत्यू दाखल्यासाठी १ दाबा’ असे आधी काम व मग आकडा सांगणे मराठीच्या वळणाला धरून आहे आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणालाही सोपे आहे. शाखांची कार्यालयीन नावे नागरिकाला ठाऊक नसतात; त्याला आपले काम ठाऊक असते. काहीच न दाबणाऱ्या व्यक्तीची हाक तोडू नये, ती आपोआप माणसाकडे जावी. वृद्ध व निरक्षर नागरिकांसाठी हीच सर्वांत महत्त्वाची तरतूद होय.

निरोपपेटीची जबाबदारी

निरोप घेणे म्हणजे उत्तर देण्याचे वचन देणे होय. म्हणून संदेश थोडक्यात व नि:संदिग्ध असावा. उदाहरणार्थ : ‘नमस्कार. कार्यालय सोमवार ते शुक्रवार सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा या वेळेत उघडे असते. आवाज ऐकू आल्यावर आपले नाव, गाव, काम आणि दूरध्वनी क्रमांक सावकाश सांगावा. पुढील कामाच्या दिवशी आपणास दूरध्वनी केला जाईल.’ आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील निरोपात मागू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

प्रत्येक निरोप दोन मिनिटांचा धरला, तर तीस निरोप ऐकण्यास एक तास लागतो. हा तास कोणाच्या कामात धरला आहे, हे कार्यालयीन आदेशात पदनामासह नमूद असावे. ती व्यक्ती रजेवर असताना दुसरे कोण, हेही असावे. आवक टपालाप्रमाणे निरोपांचीही नोंदवही ठेवावी : तारीख, नाव, विषय, कोणाकडे दिला, उत्तर केव्हा दिले. पेटी भरून गेली की नवा निरोप घेतला जात नाही आणि नागरिकाला ते शेवटी कळते. रोज पेटी रिकामी करणे हाच त्यावरील उपाय आहे.

जेथे निरोप चालत नाही

काही हाका निरोपपेटीत कधीही जाता कामा नयेत. उजनी धरणातून भीमेत विसर्ग वाढत असताना नदीकाठच्या सरपंचाने केलेला दूरध्वनी, प्रसूतीसाठी वाहन मागणारी हाक किंवा वारीच्या गर्दीत हरवलेल्या मुलाची खबर सकाळपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून बंद वेळेच्या संदेशात अगदी प्रारंभी आपत्कालीन क्रमांक सांगावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. नियंत्रण कक्षाच्या मार्गावर तर प्रत्येक पायरीवर माणूसच असावा; एकाने उचलला नाही तर दुसरा, दुसऱ्याने नाही तर तिसरा.

ग्रामपंचायतींसाठी

लहान ग्रामपंचायतीला मोठ्या यंत्रणेची गरज नाही. एकच मोबाइल असला, तरी ‘उत्तर न मिळाल्यास’ तो दुसऱ्या क्रमांकावर वळविता येतो. आकडे व चिन्हे दाबून हाक वळविण्याची जुनी पद्धत फसवणुकीच्या तक्रारींमुळे दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबविण्यात आली. त्यामुळे फोनमधील सेटिंग किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचे केंद्र यांच्यामार्फतच ही सोय करून घ्यावी आणि अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून कोणताही असा क्रमांक दाबू नये. ग्रामपंचायत अधिकारी कोणत्या दिवशी कोणत्या गावी असतील, याचा फलक चावडीवर असतो. तोच तपशील दूरध्वनीच्या वेळापत्रकातही असावा.

सर्व नियम भरून झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. बाहेरच्या मोबाइलवरून सकाळी दार उघडण्याच्या वेळी, दुपारी, सायंकाळी सव्वासहानंतर, रविवारी आणि एका सुटीच्या दिवशी स्वतःच्या कार्यालयाला दूरध्वनी करून पाहावा. प्रत्येक भाषेचा, प्रत्येक आकड्याचा मार्ग शेवटपर्यंत चालून पाहावा. एक निरोप ठेवावा आणि त्याचे उत्तर किती वेळात येते ते मोजावे. दर तीन महिन्यांनी, तसेच बदल्यांनंतर व वेळेच्या प्रत्येक नव्या आदेशानंतर ही परीक्षा पुन्हा व्हावी. तिला खर्च नाही. लागते ती केवळ आस्था. दूर खेड्यातील नागरिकाला शासन प्रथम भेटते ते बहुधा या घंटेच्या रूपाने, आणि तिला मिळणाऱ्या उत्तरावरच त्याचा एक दिवस वाचणार की वाया जाणार हे ठरत असते.