अर्धा युनिट वीज आणि शंभर फ्रँकचा पास

ऐंशी किलोचा एक माणूस, अंगावरच्या बूट-स्की-हेल्मेटसकट, स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावातून उचलायचा आणि क्लाइन मॅटरहॉर्नच्या स्टेशनावर नेऊन ठेवायचा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,६२० मीटरवर, स्टेशन ३,८८३ मीटरवर. केबल कारनं पोहोचता येईल असं युरोपातलं सर्वांत उंच ठिकाण. यासाठी ऊर्जा किती लागते? शाळेतलं सूत्र आठवा : वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. उत्तर येतं साधारण पावणेअठरा लाख ज्यूल. आकडा भारदस्त वाटतो, पण विजेच्या मीटरवर तो जेमतेम अर्धा युनिट भरतो. आपल्या घरगुती दरानं दहा रुपयेसुद्धा नाहीत.

घर्षण आणि केबिनचं ओझं धरून हिशेब दुप्पट करा. तरी वीस रुपये. आणि या गावातला एका दिवसाचा स्की पास हंगामात शंभर फ्रँकच्या आसपास जातो. एका फ्रँकला शंभराहून जास्त रुपये मोजावे लागतात, म्हणजे दिवसाला दहा हजार रुपये नुसते वर नेण्याचे. मग उरलेले नऊ हजार नऊशे ऐंशी रुपये कशाचे?

उत्तर रात्री दिसतं. लिफ्ट थांबल्या, हॉटेलांत जेवणं सुरू झाली, की डोंगरावर दिवे हलू लागतात. बर्फ दाबून सपाट करणारी अवजड यंत्रं पहाटेपर्यंत उतारांवर फिरत असतात; फार चढ असेल तिथे ती वरच्या खांबाला पोलादी दोरानं बांधलेली असतात. सकाळी माणसं यायच्या आधी गस्तीवाले धोकादायक कड्यांवर स्फोट घडवून सैल बर्फ मुद्दाम खाली पाडतात. शिवाय हिमनदीत रोवलेले खांब आहेत. हिमनदी सरकते, तसे तेही सावरून घ्यावे लागतात.

बर्फसुद्धा पूर्णपणे देवावर सोडलेला नाही. नेहमीच्या बर्फ फवारणाऱ्या तोफांना हवा शून्याखाली आणि कोरडी लागते. झेरमॅटनं २००८ मध्ये त्याच्या पुढचं यंत्र आणलं. त्यात पाणी निर्वात टाकीत सोडतात. दाब इतका उतरतो की पाण्याचा काही भाग उकळून वाफ होतो आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो, त्यामुळे ते तिथेच गोठतं. एकाच टाकीत, एकाच क्षणी उकळणं आणि गोठणं! बाहेर ऊन असलं तरी चालतं. हे तंत्र वाढलं कुठे, तर दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणी थंड ठेवण्याच्या कामात.

या सगळ्याची गंमत अशी, की दिवसभरात एक माणूस वर गेला काय किंवा दहा हजार गेले काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. यंत्रं फिरतातच, दोर ओढले जातातच. त्यामुळे लिफ्ट चालवणाऱ्याला खरी भीती रिकाम्या केबिनची असते, आणि त्याहून मोठी भीती बर्फ न पडण्याची. ही दुसरी भीती तुमच्या गळ्यात घालण्याची युक्ती अमेरिकेतल्या व्हेल रिसॉर्ट्‌सनं २००८ मध्ये व्यवस्थित बसवली. त्यांनी अख्ख्या हंगामाचा पास, बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी, ५७९ डॉलरला विकायला काढला. आगाऊ पैसे देणाऱ्याला डोंगर स्वस्त. आयत्या वेळी खिडकीवर उभं राहणाऱ्याला व्हेलमध्ये आता गर्दीच्या दिवशी एका दिवसासाठीच तीनशेहून जास्त डॉलर पडतात. डोंगर तोच, बर्फ तोच. फरक आहे तो तुम्ही कधी शब्द दिलात याचा.

म्हणून झेरमॅटला बर्फ महाग आहे असं मी म्हणणार नाही. तिथे दोनच गोष्टी महाग आहेत : उंची आणि घाई. या दोन्ही जमतील तेवढ्या कमी करत गेलं, की मध्यमवर्गीय खिशालाही तीन दिवसांची सहल परवडण्याच्या अंतरात येते. स्वस्त नव्हे, हं. स्वस्त हा शब्द त्या खोऱ्यात चालत नाही.

घाईचं आधी पाहू. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडा. फेब्रुवारी बहुतेक सगळा सोडा, कारण युरोपातल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या देशादेशांत पुढेमागे करत त्या महिन्यात येतात आणि अख्खी कुटुंबं आल्प्सवर उतरतात. उरतात डिसेंबरची सुरुवात, जानेवारीचा मध्य आणि मार्चअखेर ते एप्रिल. आता कोणी म्हणेल, स्वस्त आठवडे स्वस्त असतात कारण तेव्हा बर्फ नसतो. दीड हजार मीटरच्या आसपासच्या गावांत हे खरं आहे, तिथे डिसेंबरात गवत दिसू शकतं. झेरमॅटची गंमत इथेच आहे. त्याचे उतार इतके उंच आहेत, की वरच्या हिमनदीवर जवळपास वर्षभर स्की चालतं. म्हणजे जी उंची आपल्याला एरवी महाग पडते, तीच या कडेच्या आठवड्यांत आपल्या बाजूनं उभी राहते. महागड्या रिसॉर्टला स्वस्त वेळी जाणं हे स्वस्त रिसॉर्टला गर्दीत जाण्यापेक्षा शहाणपणाचं का, याचं उत्तर एवढंच.

आठवड्यातले दिवसही निवडून घ्यावेत. आल्प्समधल्या बऱ्याच खोल्या शनिवार ते शनिवार भाड्यानं जातात. मधली तीन-चार रात्रींची भोकं बुजवायला मालक उत्सुक असतो. रविवारी संध्याकाळी पोहोचायचं, सोमवार-मंगळवार-बुधवार स्की करायचं, गुरुवारी निघायचं. सलग दिवसांच्या पासात दर दिवसाचा भाव थोडा उतरतोही. भाड्याचे स्की आणि बूट घर सोडण्याआधीच ऑनलाइन ठरवून टाकावेत. बऱ्याच दुकानांत आदल्या दिवशी दुपारनंतर सामान घेतलं तर त्या दुपारचं भाडं लावत नाहीत.

आता उंची. झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्या चालत नाहीत. मोटारींचा रस्ता पाच किलोमीटर अलीकडे, टेश नावाच्या गावात संपतो. तिथे गाडी ठेवायची आणि बारा मिनिटांच्या शटल रेल्वेनं वर यायचं. पाहुण्यांची पेटी असो की हॉटेलातला बटाटा, खोऱ्यातून वर येणाऱ्या बहुतेक गोष्टीला हाच अरुंद मार्ग. स्टेशनावरून विजेच्या छोट्या गाड्या माल वाटतात, तिथून पुढे काही माल केबल कारनं डोंगरावरच्या उपाहारगृहांत चढतो, आणि त्याच वाटेनं कचरा खाली उतरतो. ताटातल्या वरणाला (म्हणजे तिथल्या सूपला) किती वेळा वाहन बदलावं लागलं, ते बिलात दिसतं.

तेव्हा बिछाना खाली सरकवा. टेशमध्ये राहिलात तर रोज बारा मिनिटांचा प्रवास वाढतो आणि खोलीचं भाडं बरंच उतरतं. आणखी खाली, तासभर अंतरावरच्या फिस्पमध्ये ते आणखी उतरतं. पण तीनच दिवस हातात असताना रोज दोन तास रेल्वेत घालवणं मला पटत नाही. एकट्यादुकट्यानं थेट झेरमॅटमधलं युथ हॉस्टेल धरावं. नाश्ता भाड्यातच असतो आणि एकेक खाट स्वतंत्र मिळते. चौघे असाल तर टेशमध्ये स्वयंपाकघराची खोली घ्या, सुपरमार्केटातून ब्रेड, चीज, भाजी आणा आणि दुपारचं जेवण पाठीवर घेऊन चढा. नळाचं पाणी निर्धास्त प्यावं, बाटली विकत घेणं हा तिथे शुद्ध अपव्यय आहे. झुरिक किंवा जिनिव्हाहून येणाऱ्यानं पर्यटकांसाठीचं निम्म्या भाड्याचं कार्ड जरूर हिशेबात धरावं. गोर्नरग्राट डोंगरावर चढणाऱ्या, दातेरी रुळाच्या रेल्वेलाही ते चालतं, त्यामुळे सोबत स्की न करणारं कोणी असेल तर त्याचीही सोय होते. १८९८ मध्ये सुरू झालेली ही विजेची रेल्वे ३,०८९ मीटरपर्यंत नेते. तिची आधुनिक गाडी उतरताना ब्रेक लावते तेव्हा वीज तयार करून तारेत परत सोडते, म्हणजे खाली येणारे प्रवासी वर जाणाऱ्यांना ओढायला हातभार लावत असतात.

आणि वर जाऊन जे बघायचं, त्याला तिकीट नाही. मॅटरहॉर्न, ४,४७८ मीटर, गावातल्या पुलावरून फुकट दिसतो. १८६५ च्या १४ जुलैला एडवर्ड व्हिंपरसह सात जण पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर पोहोचले; उतरताना दोर तुटला, चौघे गेले, आणि त्या दुर्घटनेनं हे गाव जगभर माहीत झालं. पण त्याहून मोठी गोष्ट खडकातच लिहिलेली आहे. शिखराचा वरचा भाग ज्या खडकाचा आहे तो मुळात आफ्रिकेच्या बाजूच्या भूकवचाचा. त्याच्या खाली, झेरमॅटच्या आसपास, टेथिस समुद्राच्या एका फाट्याचा तळ दबलेला आहे. आफ्रिका युरोपवर सरकली आणि हा थर वर चढला. टेथिसच्या पूर्वेकडच्या पाण्याचंही असंच झालं, तिथे भारत आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहिला. बर्फावरून घसरताना आपण एका मिटलेल्या समुद्रावरून चाललो आहोत, याचं नवल मला पासच्या किमतीपेक्षा टिकाऊ वाटतं.

तिसऱ्या दिवशी इटलीत जेवायला जावं. क्लाइन मॅटरहॉर्नच्या बाजूनं सीमा ओलांडली की खाली २,०५० मीटरवर चेर्विनिया आहे. दोन्ही देशांचे उतार मिळून सुमारे ३६० किलोमीटर भरतात. इटलीची भर पासमध्ये एकाच दिवसापुरती घेता येते का, हे खरेदीच्या वेळीच पाहावं. तिन्ही दिवसांसाठी घेण्याचं कारण नाही. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, त्यामुळे भारतातून आलेल्याला वेगळी परवानगी लागत नाही. पलीकडे कॉफी निम्म्या किमतीला मिळते, आणि चीज घालून शिजवलेला पोलेंटा, आपल्या मक्याच्या कण्यांसारखा, शाकाहारी माणसाचं पोट व्यवस्थित भरतो. तसा हिशेब केला तर चेर्विनियातच मुक्काम करून एक दिवस झेरमॅटला येणं सर्वांत स्वस्त. टोरिनोला उतरणाऱ्यानं तेच करावं.

कॉफीची किंमत बदलणारी ही सीमासुद्धा जागेवर बसलेली नाही. इथे ती हिमनदीवरच्या पाणलोटाच्या रेषेनं ठरते. हिमनदी वितळली तशी रेषा सरकली, आणि इटलीच्या हद्दीत बांधलेली डोंगरावरची एक निवारा-वास्तू बरीचशी स्विस हद्दीत आली. दोन देशांना बसून नव्यानं रेषा ठरवावी लागली.

काटकसर कुठे करू नये, हेही सांगितलं पाहिजे. हिवाळी खेळांचा अपघात आणि हेलिकॉप्टरनं सुटका स्पष्ट शब्दांत लिहिलेला विमा हवाच. एअर झेरमॅट ही कंपनी १९६८ पासून डोंगरातून माणसं उचलून आणते आहे, आणि तिचं बिल ज्याला उचललं त्याच्या नावावर निघतं. दुसरं, पहिल्याच दिवशी ३,८८३ मीटरवर धावू नका. तिथे हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहून कमी असतो. आधी सुन्नेगाची कमी उंचीची बाजू, मग गोर्नरग्राट, शेवटी हिमनदी.

आणि ज्यानं आयुष्यात कधी स्की पायात घातलं नाही, त्यानं या सहलीवर एवढे पैसे घालूच नयेत. नवशिक्याचे पहिले तीन दिवस दोनशे मीटरच्या उतारावर पडण्या-उठण्यात जातात. उरलेले ३६० किलोमीटर त्याच्यासाठी नसतातच. त्यानं आधी गुलमर्गला जावं. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था तिथे परवडणाऱ्या दरात शिकवते. आणि उंचीचंच आकर्षण असेल, तर गुलमर्गच्या गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. युरोपातल्या त्या सर्वांत उंच स्टेशनापेक्षाही वर.

झेरमॅटला गेलातच, तर इटलीच्या दिवशी दोन गोष्टी करा : पासपोर्ट खिशात ठेवा आणि परतीच्या शेवटच्या लिफ्टची वेळ सकाळीच पाहून ठेवा. वारा वाढला की वरचा मार्ग बंद होतो, आणि मग टॅक्सीनं डोंगराला वळसा घालून परतायला तीन-चार तास आणि कित्येकशे फ्रँक लागतात. आकाशाचा रंग बदलताना दिसला, तर पोलेंटा अर्धा सोडून उठा.