पुराच्या पाण्याचा हिशेब

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर एक लाल रेघ आहे. सन २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी तिथवर आले होते. पाणी ओसरल्यावर ती रेघ मीच मारली आणि शेजारी साल लिहिले.

पुढे सन २०१९ चा ऑगस्ट महिना आला. नदी फुगू लागली. आमच्या आळीत एक वयस्कर शेतकरी राहतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी म्हटले, "तात्या, जनावरं सोडा. निघू या आपण." तात्या म्हणाले, "गुरुजी, तुमच्या रेघेच्या वर पाणी कधी गेलंय का? माझा गोठा त्या रेघेपेक्षा हातभर उंच हाय." मलाही ते पटले. आम्ही थांबलो. दुसऱ्या रात्री पाणी रेघेच्या वर गेले आणि गोठ्यात शिरले. म्हशी सोडवल्या, पण एक रेडकू गेले. ते माझ्या रेघेच्या भरवशावर गेले. हे मला अजून लागते.

पाणी किती चढणार, हे आधी कळते काय? बऱ्याच अंशी कळते. हल्ली हा हिशेब संगणक करतो. संगणक म्हणजे कॉम्प्युटर. तो हे कसे करतो, ते आपण पाहू. तुम्ही रानात दारे धरता ना? मग तुम्हांला ते लवकर समजेल.

पाटात वरून पाणी येते आणि खाली जाते. जेवढे येते तेवढेच गेले, तर पाट भरत नाही. येणारे जास्त आणि जाणारे कमी झाले, की पाणी चढते. पाट रुंद असेल तर थोडे चढते. अरुंद असेल तर फार चढते. पाटात गवत माजले, तर पाण्याची चाल मंदावते आणि पाणी काठावरून फुटते. नदीचे असेच आहे. पात्रातली झाडे, काठचा उभा ऊस, पुलाचे खांब, रस्त्याचा भराव, हे सगळे त्या गवतासारखे पाणी अडवतात.

आता संगणकात काय करतात? आधी नदी मोजतात. ठिकठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंत पात्र किती रुंद, किती खोल, हे मोजून आकडे घेतात. मग कागदावर नदीचे लहान लहान तुकडे पाडतात. वरच्या तुकड्यातून या तुकड्यात किती पाणी आले, खालच्या तुकड्यात किती गेले, उरले किती, आणि त्याने पातळी किती चढली? ही शाळेतलीच बेरीज-वजाबाकी समजा. पाणी किती वेगाने जाईल, हे मात्र उतारावर आणि अडथळ्यांवर ठरते. त्याचे गणित जरा अवघड आहे. शिवाय तुकडे शेकडो असतात आणि दर काही मिनिटांनी हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे काम कारकुनांना दिले, तर हिशेब संपेपर्यंत पूर येऊन जाईल. संगणक ते झटपट करतो. एवढेच त्याचे मोठेपण!

या हिशेबाला पाण्याचे आकडे लागतात. डोंगरात पाऊस किती पडला? कोयना धरणातून किती पाणी सोडले? ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. कृष्णा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी यंत्रे सरकारने बसवली आहेत.

संगणक नव्हते तेव्हा नदीची छोटी प्रतिकृती बांधून तीत खरेच पाणी सोडत. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनची संशोधन संस्था आहे. तिथे अशा प्रतिकृती आजही बांधतात. एखाद्या मोकळ्या जागेत गुडघ्याएवढी नदी वाहते म्हणा ना!

हे सगळे मी तात्यांना सांगितले. ते म्हणाले, "सगळं खरं. पण गुरुजी, त्या यंत्राला आपला ओढा ठावं हाय का?"

तात्यांनी नेमके वर्मावर बोट ठेवले. नदी चढली, की ओढ्याचे पाणी नदीत जाऊ शकत नाही. ते मागे हटते आणि नदीचेच पाणी उलटे ओढ्यात शिरते. याला फुगवटा म्हणतात. कृष्णा फुगली, की नरसोबाच्या वाडीजवळ पंचगंगाही अशीच तुंबते. अलमट्टी धरणाचा फुगवटा आपल्याकडे पोचतो की नाही, यावर दोन राज्यांत वाद आहे. तोही अशाच हिशेबाने तपासतात. ओढ्याची मापे संगणकात घातली असतील, तर त्याला ओढा ठाऊक. नसतील, तर त्याच्या लेखी तिथे कोरडे रान! मापे घेतल्यावर कोणी नवा भराव घातला, तरीही उत्तर चुकते. उद्याचा पाऊस तर कोणालाच पुरता ठाऊक नसतो.

म्हणून हिशेबाची परीक्षा घेतात. मागच्या पुराचा पाऊस संगणकात घालतात. खरे पाणी जिथवर चढले, तिथवर उत्तर येते का, हे पाहतात. त्यासाठी गावोगावच्या भिंतींवरच्या खुणा लागतात. माझी रेघ त्या कामाची आहे. मी मात्र तिला पुराची हद्द मानली. पुराला अशी हद्द नसते.

आता एक अडचण राहते. सांगलीत आयर्विन पुलावर पाणी मोजतात. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेले. पण बातमीतले ५० फूट म्हणजे आपल्या दारात किती? हे फूट पुलावरच्या पट्टीचे आहेत. ते आपल्या अंगणातले नव्हेत.

यावर आम्ही एक युक्ती केली. सन २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा मी वही घेऊन बसलो. पाणी मारुतीच्या पहिल्या पायरीला लागले, की वेळ लिहायची आणि त्या वेळी पुलावर किती फूट होते, ते शेजारी लिहायचे. मग चावडीच्या ओट्याला लागले, की पुन्हा लिहायचे. ती वही आता ग्रामपंचायतीत आहे. पुलावर अमुक फूट होणार अशी बातमी आली, की आम्ही वही उघडतो.

तात्यांना आता वाचता येते. त्यांच्या गोठ्याचा आकडा त्यांनी स्वतः खडूने दाराच्या चौकटीवर लिहिला आहे. त्याच्या दोन फूट अलीकडचा आकडाही लिहिला आहे. त्याच्यापुढे लिहिले आहे, 'म्हशी सोडा'.