तांदूळ जुना होतो म्हणजे काय होतं?

रत्नागिरीच्या बाजारात कोलम घ्यायला गेलं की ठरलेला प्रश्न येतो, "नवा देऊ की जुना?" जुन्याला किलोमागे चार पैसे जास्त पडतात, तरी बहुतेक गिऱ्हाइकं जुनाच उचलतात. भाजी ताजी हवी, मासे ताजे हवेत, नारळसुद्धा हलवून बघायचा. तांदळाच्या बाबतीत मात्र वय वाढलं की भाव वाढतो. ही आवड आजची नाही. नवं धान्य पचायला जड आणि वर्ष उलटलेलं चांगलं, असं चरकसंहितेनेही सांगून ठेवलं आहे.

पण पोत्यात नुसता पडून राहिलेला दाणा वर्षभरात असं काय करतो?

तांदळात मुख्यत्वे असतो स्टार्च, आणि गंमत म्हणजे साठवणीत त्याचं प्रमाण जवळजवळ तेवढंच राहतं. बदलतात ते त्याचे शेजारी. दाण्यातली सात-आठ टक्के प्रथिनं स्टार्चच्या कणांना लगटून बसलेली असतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे या प्रथिनांमधल्या गंधकाच्या अणूंच्या जोड्या जुळतात आणि त्यांचं जाळं घट्ट होतं. दाण्यातली थोडीशी चरबी फुटून स्निग्धाम्लं सुटी होतात. त्यांचे रेणू अमायलोजच्या, म्हणजे स्टार्चच्या सरळ साखळीच्या, मळसूत्री पोकळीत जाऊन बसतात. पेशींच्या भिंतीही चिवट होतात. थोडक्यात, दाणा आतून बांधला जातो.

चुलीवर याचा परिणाम लगेच दिसतो. नवा तांदूळ पटकन पाणी पितो, टोकाला फुटतो, त्यातला स्टार्च बाहेर येतो आणि भाताचा गचका होतो. जुना दाणा न फुटता फुगतो, जास्त पाणी मागतो, जास्त वेळ घेतो आणि मोकळा राहतो. दुकानदार "जुना फुगतो हो" म्हणतो, त्यात तथ्य आहे. खात्री करायची असेल तर एकाच वाणाचा नवा आणि जुना तांदूळ वेगवेगळ्या पातेल्यांत भरपूर पाण्यात शिजवावा आणि वरचं पाणी काचेच्या दोन पेल्यांत ओतावं. नव्याचं पाणी दुधाळ आणि दाट दिसतं, गार झालं की त्यावर साय धरते. जुन्याचं त्यामानाने निवळ.

मग किती दिवस थांबायचं? हे बरंचसं तापमानावर असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेत पहिल्या तीन-चार महिन्यांत बदल झपाट्याने होतात, पुढे वेग मंदावतो. कोकणातला भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापला जातो, म्हणजे शिमग्यापर्यंत त्याची चिकटाई बरीच उतरलेली असते. थंडाव्यात हेच घड्याळ जवळपास थांबतं. जपानी माणसाला चिकट, चकचकीत भात प्रिय, म्हणून तिथे तांदूळ १५ अंश सेल्सियसच्या खाली ठेवलेल्या गोदामांत साठवतात. 'शिनमाई' म्हणजे नवा तांदूळ असं पाकिटावर छापायचं, तर तो कापणीच्या वर्षीच ३१ डिसेंबरपर्यंत पाकिटात भरलेला असावा लागतो. बासमतीचे व्यापारी याच्या अगदी उलट, वर्ष-दोन वर्षं माल मुरवून विकतात. दोघांचंही बरोबर आहे. भात कसा खायचा त्यावर ते ठरतं.

मुरवण्याची किंमतही असते. आंबेमोहोर आणि बासमतीचा वास मुख्यतः ज्या रेणूमुळे येतो, तो २-असिटिल-१-पायरोलीन साठवणीत हळूहळू उडून जातो. त्याच्या जागी हेक्झॅनलसारखे पदार्थ वाढतात आणि तांदळाला जुनाट वास येऊ लागतो. वासाच्या तांदळाला वर्षानुवर्षं कोंडून ठेवण्यात म्हणूनच शहाणपण नाही. कोकणात काही घरांच्या परसात केवड्याच्या कुळातलं एक झुडूप असतं, त्याचं पान भात शिजताना टाकतात. त्या पानातही हाच रेणू असतो.

जगात आणखी काही वस्तू अशा मुरवल्या जातात. क्युबाच्या सिगारींचे शौकीन त्या लाकडी पेटीत ६५ ते ७० टक्के आर्द्रतेवर वर्षानुवर्षं जपतात आणि हवा कोरडी पडली तर पेटीत पाणी ठेवतात. रत्नागिरीकराची अडचण नेमकी उलटी. इथे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात जाते. ७० टक्के आर्द्रतेत भात साधारण १३ टक्के पाणी धरतो, ९० टक्क्यांत तेच १७-१८ वर जातं. धान्य महिनोन् महिने टिकवायचं तर हा आकडा १४ च्या खाली हवा, वर्षाहून जास्त ठेवायचं तर आणखी कमी. म्हणून मे महिन्यातलं कडकडीत ऊन, शेणाने लिंपलेली कणगी आणि वापरातल्या चुलीजवळची जागा यांना मोल होतं.

ओल वाढली की सोंडे येतात. या किड्याची मादी आपल्या लांब सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक इतकं बेमालूम बुजवते की बाहेरून काही कळू नये. अळी दाण्याच्या आतच खाते, तिथेच कोष करते आणि महिनाभराने पूर्ण वाढलेला सोंडा दाणा पोखरून बाहेर पडतो. डब्यात पहिला सोंडा दिसतो तेव्हा पुढची फौज आत तयार असते. कडुलिंबाच्या पाल्याचा थोडाफार उपयोग होतो, पण खरा उपाय म्हणजे कोरडा दाणा आणि हवाबंद डबा.

जुन्या लोकांनी मुरवला तो मात्र तांदूळ नव्हे, तुसासकट भात. सिलिकाने भरलेलं तूस किडीला बरंच अडवतं. दुसरं कारण कोंड्यात आहे. कोंड्यात तेल असतं आणि ते फोडणारं लायपेज हे विकरही असतं. दाणा सडला की दोघांची गाठ पडते आणि तेल खवट होऊ लागतं. म्हणून हातसडीचा तांदूळ लागेल तेवढाच सडून घ्यावा. शिरगावच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेला लाल दाण्याचा 'रत्नागिरी ७' यालाही हाच नियम. त्याचा रंग कोंड्यात असतो, म्हणून तो कोंड्यासकट खायचा आणि म्हणूनच तो फार दिवस ठेवायचा नाही. जुना तांदूळ चांगला हे सरसकट लागू करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

ज्यांना थांबायला वेळ नाही त्यांच्यासाठी उकडा आहे. भात भिजवून, उकडून, वाळवून मग सडला की स्टार्च तुसाच्या आतच एकदा शिजतो आणि वाळताना पुन्हा घट्ट बसतो. वाट वेगळी, पण दाणा न फुटण्याचा गुण तोच. शिवाय कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरतं. रोजच्या पेजेत उकड्याचे दाणे शेवटपर्यंत अखंड राहतात ते घट्ट बसलेल्या स्टार्चमुळे.

मोदकांचं गणित मात्र कॅलेंडरने बिघडवलं आहे. पिठीला चिकटाई हवी, म्हणून सुगरणी नवा तांदूळ घ्या म्हणतात. पण गणपती येतात भाद्रपदात, तेव्हा शेतातला भात पोटरीत असतो. वायंगणी, म्हणजे उन्हाळी, पीक घेणारे थोडे सोडले तर कोकणातल्या घरच्या तांदळाला तोवर दहा महिने झालेले असतात. नवा भात घरात येतो तो नव्याच्या पुनवेच्या आगेमागे, दारावर लोंब्या आणि आंब्याच्या पानांचं नवं बांधतात तेव्हा. तोवर मोदक खाऊन झालेले असतात. ही अडचण उकड काढून सुटते. उकळत्या पाण्यात पिठी घालून वाफ आणली की स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि वर्षभरात गमावलेली चिकटाई बरीचशी परत मिळते. फक्त पिठी जुन्या तांदळाची असेल तर वाटीला वाटी पाणी पुरत नाही, वर दोन-तीन चमचे लागतात, आणि उकड चटका बसतोय तोवरच मळून घ्यावी लागते.