वाड्यांची अंतर्गत सजावट

वाड्यांची अंतर्गत सजावट ही महाराष्ट्रातील पारंपरिक गृहसजावटीची पद्धत होय. अठराव्या शतकात, पेशवाईच्या काळात, पुणे, वाई, सातारा, नाशिक आदी ठिकाणी ती बहरली. लाकूड, चुना, माती, दगड, तांबे आणि पितळ ही तिची प्रमुख साधने आहेत. या सजावटीचा बराचसा भाग बांधकामातच सामावलेला असतो. त्यामुळे जुन्या वाड्यात कोणता रंग द्यावा किंवा कोणता गिलावा करावा, हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही. भिंत किती वर्षे टिकेल हेही त्यावर अवलंबून असते.

लाकूडकाम

वाड्याची खोली खणांत मोजली जाते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात. वर निमुळत्या होत जाणाऱ्या सुरूच्या आकाराच्या खांबांना 'सुरूदार खांब' म्हणतात. त्यांच्या माथ्याशी केळफुलाची नक्षी असते. छत कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या बसवलेले असते. पुण्यातील विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागात हे काम आजही पाहता येते. हा वाडा दुसऱ्या बाजीरावासाठी 1807 च्या सुमारास बांधण्यात आला. दिवाणखान्यात झोपाळा, बैठक, तक्के-लोड आणि छताला टांगलेल्या हंड्या-झुंबरे एवढाच सरंजाम असे. वस्तू ठेवण्यासाठी भिंतीतच कोनाडे, फडताळे आणि खुंट्या असल्याने सुट्या कपाटांची गरज फारशी पडत नसे.

भिंती

अनेक वाड्यांच्या भिंती खाली दगडाच्या, तर वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात. त्यांवर चुन्याचा गिलावा केला जाई. चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांसारखे पदार्थ मिसळत आणि वरचा थर घोटून गुळगुळीत करत. काही वाड्यांत अशा भिंतींवर चित्रेही काढली गेली. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत.

चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकते. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास ओल आत अडकते. मग भिंतीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि भिंतीत गेलेली लाकडी टोके कुजू लागतात. वाडा नवा दिसावा म्हणून केलेला खर्च अशा रीतीने त्याच्याच मुळावर येतो. रंग हवा असल्यास चुन्याच्या निवळीत गेरू, पिवडी किंवा नीळ कालवण्याची जुनी रीत अधिक सुरक्षित आहे. लाकडावरील तैलरंगाचे जुने थर काढून जवसाचे तेल दिल्यास सागाचे रेषांकन पुन्हा दिसू लागते. मात्र त्यापूर्वी वाळवी नाही याची खात्री करावी लागते.

नंतरची भर

आज 'पारंपरिक' समजल्या जाणाऱ्या अनेक वस्तू वाड्यांत उशिरा आल्या. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला; त्यानंतर ही कौले कोकणात आणि घाटावर पसरली. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रण छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी मध्यमवर्गीय माजघरांत पोहोचल्या. नक्षीच्या सिमेंट फरश्यांचे देशी उत्पादन करणारी 'भारत टाइल्स' ही कंपनी मुंबईत 1922 मध्ये स्थापन झाली. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही, जमीन शेणाने सारवलेली असे. म्हणून एखाद्या वाड्याचे 'मूळ रूप' कोणत्या काळाचे धरावे, याचे एकच उत्तर नसते.

ऱ्हास आणि जुन्या वस्तूंचा बाजार

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर आलेल्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधील अनेक मातीचे वाडे कोसळले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठल्याने दुरुस्ती परवडेनाशी झाली, तर वाढत्या जमीनभावांमुळे वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या. पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे, खांब आणि पितळी कड्या मुंबईच्या चोरबाजारात व पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रीस येऊ लागल्या.

या वस्तूंनी आज अनेक सदनिका, बंगले आणि उपाहारगृहे सजतात. त्यामुळे लाकूड जळणात जाण्यापासून वाचते, हे खरे. पण नक्षीच्या दरवाजाला उभ्या वाड्यापेक्षा अधिक गिऱ्हाइके मिळू लागली की वाडा सुटा करून विकणेच सोयीचे ठरते, ही या व्यवहाराची दुसरी बाजू आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी दारे, दिवे, अडकित्ते आणि भांडी जतन केली आहेत.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही. हस्तिदंत, वाघाचे कातडे आणि सांबरशिंगे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो.

हस्तकला

मोडलेल्या भागांची भर घालण्यासाठी चालू हस्तकलांचाही आधार घेता येतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेवर ठोक्याचे काम होते. सावंतवाडीचे चितारी लाकडावर लाखेचे रंगकाम करतात. गंजिफांबरोबरच पाट आणि चौरंगही ते रंगवतात. समई किंवा लामणदिव्याचे पितळ चिंचेने उजळण्याची घरगुती रीत प्रचलित आहे. परंतु मुलामा दिलेल्या वस्तूंवर चिंच वापरल्यास मुलामा निघून जाण्याचा धोका असतो.