दस्तुरीच्या पुढची झोळी

माथेरानला आपली गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे सिलिंडर, सिमेंट, बटाट्याची पोती, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर चढतं. 2003 साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गाड्यांना मज्जाव मात्र त्याच्याही आधीपासूनचा. म्हणून इथल्या एखाद्या बंगल्याच्या अंगणात झोळीसाठी लोखंडी स्टँड हवा असेल, तर तो वर न्यायचा कसा हेच आधी ठरवावं लागतं.

एवढी झाडं असताना स्टँड कशाला? इथली लाल माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते, जुन्या झाडांची मुळं उघडी पडतात. अशा खोडाला दोरी आवळून माणसाचं वजन झोकू नये. आणि दोन झाडं अकरा फुटांवर उभी सापडायलाही नशीब लागतं.

दुकानात मिळणारा होडीच्या आकाराचा स्टँड इथे कामाचा नाही. त्याच्या दोन्ही भुजा माणूस बसला की आत ओढल्या जातात, त्या वाकू नयेत म्हणून पाइप जाड घ्यावा लागतो, आणि वजन वाढतं. ही ओढ किती असते? दोरी जमिनीच्या रेषेशी 30 अंशात असेल, तर 80 किलोच्या माणसामागे प्रत्येक दोरीवर 80 किलोचाच ताण येतो. तीच दोरी ताठ करून 10 अंशांवर आणली, की ताण 230 किलोंच्या घरात. झोळी तंग बांधणाऱ्यांचे हूक का सुटतात, ते यावरून कळावं.

त्यापेक्षा दोन टोकांना दोन तिकाटण्या आणि वरून आडवा पाइप, ही रचना हलकी. आतली ओढ आडवा पाइप लांबीच्या दिशेने पेलतो, पायांवर फक्त भार उरतो. तीन पाय खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाहीत.

नेरळला पायथ्याशी फॅब्रिकेटरकडे हे काम दिलं, तर सामान थोडकंच लागतं: 'बी' क्लासचा, म्हणजे निळ्या पट्ट्याचा, एक इंची जीआय पाइप एक आणि पाऊण इंची दोन, लांबी वीस-वीस फूट. एक इंचीतून साडेपाच फुटांचे दोन तुकडे आडव्यासाठी, पाऊण इंचीतून पाच फुटांचे सहा पाय. खरी गंमत जोडात आहे. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास 26.9 मिलिमीटर, एक इंचीच्या आतला साधारण 27.3. उरलेल्या पाऊण इंचीचा फूटभर तुकडा आडव्याच्या दोन भागांत सरकवला की सांधा तयार. मात्र पाइपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो, जस्ताचे थेंबही गोठलेले असतात. अर्धगोल कानशीने ते घासल्याशिवाय तुकडा अर्ध्यातच अडतो. मग हातोडीने ठोकायचा मोह होतो. ठोकला, तर तो वर जाऊन सुटत नाही.

तिकाटणीच्या डोक्याला वेल्डिंग करण्याआधी ग्राइंडरने जस्त उडवायचं, कारण जळत्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. नंतर रेड ऑक्साइड, रंग, पायांना रबरी बूट.

सगळं मिळून वजन पंचवीस किलोंच्या आसपास, आणि सगळ्यात लांब तुकडा साडेपाच फुटांचा. दोन मोळ्या बांधल्या की दस्तुरीहून दोन माणसं सहज नेतात. वर जोडल्यावर झोळी आधी दीड फुटावर टांगा, खाली गादी घाला, आणि पोरांना सोडण्यापूर्वी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवून बघा.