शेजार पाहून ठरतं काम

रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की पोत्यातला एखादा दाणा दाताखाली धरून ओलावा जोखणारे लोक जागोजागी दिसतात. दाणा फुटतो, दोन पिवळसर डाळी वेगळ्या होतात. वाळल्या दाण्याच्या वजनात जवळजवळ 40 टक्के प्रथिनं असतात, आणि त्यांचा मोठा वाटा दोनच प्रथिनांचा: ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन. शेंगा भरत असताना ती तयार होतात, आणि तेव्हाच त्यांच्यावर एन्झाइमचा हात फिरतो.

प्रथिन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. त्यातलं एक अ‍ॅस्पॅराजिन. बीटा-कॉन्ग्लायसिनिनच्या माळेत हे मणी कितीतरी असतात, पण साखरेचा घोस लागतो तो एका किंवा दोनच मण्यांना. मग हा घोस लावणाऱ्या एन्झाइमला नेमका मणी सापडतो कसा?

ते शेजार बघतं. अ‍ॅस्पॅराजिननंतर एक मणी सोडून पुढे सेरिन किंवा थ्रिओनिन हवं. एन्झाइममध्ये या दोघांपैकी एकाला बसायला खोबण असते. तो तिथे बसला की अ‍ॅस्पॅराजिन आपोआप योग्य जागी येतं आणि 14 शर्करांचा तयार घोस त्यावर चढतो. मधला मणी मात्र प्रोलिन नको. प्रोलिन माळेला ताठर वळण देतं, मग ती खोबणीत बसतच नाही. शिवाय माळ पेशीत नुकती विणली जात असताना, घडी पडण्याआधीच हे काम उरकावं लागतं. घडीत दडलेल्या मण्यापर्यंत एन्झाइम पोचत नाही. म्हणून खूण बरोबर असूनही काही जागा कोऱ्याच राहतात.

ग्लायसिनिनची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. तिथेही निवड अ‍ॅस्पॅराजिनचीच, पण काम उलटं. दुसरं एन्झाइम त्याच्या पुढचा बंध कापतं. पुढे ग्लायसिन असलेली आणि घडीबाहेर लोंबणारी जागा ते धरतं. हा काप बसण्यापूर्वी ग्लायसिनिनचे रेणू तीन-तीनच्या गटात असतात. कापल्यावर दोन गट एकमेकांवर बसून सहाचा घट्ट गठ्ठा होतो, आणि दाण्यात साठा दाटीनं मावतो. कापलेले दोन तुकडे सुटे होत नाहीत. गंधकाचा बंध त्यांना धरून ठेवतो, आणि पोत्यातल्या वाळल्या दाण्यातही ते जोडीनंच असतात.