कॅरल: साऱ्या गावाने मिळून गायचे गाणे

नाताळच्या दिवसांत समूहाने गायच्या गाण्यांना कॅरल म्हणतात. आज ही गाणी चर्चशी जोडलेली असली, तरी त्यांची मुळे मध्ययुगीन युरोपातल्या फेराच्या गाण्यांत आहेत. भोंडल्यासारखा फेर धरायचा, एकाने कडवे म्हणायचे आणि बाकीच्यांनी ध्रुवपद उचलून धरायचे, अशी ती रीत होती. चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये चाले. कॅरल मात्र बहुतेक लोकांच्या बोलीत असे. लोकांना ते आपले वाटले ते त्यामुळेच.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथीयांचा जोर वाढला आणि 1647 मध्ये संसदेने नाताळचा सण रद्द केला. 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर सण परतला. पण चर्चमध्ये गाण्यांना मोकळीक नव्हती. तिथे प्रामुख्याने बायबलमधली स्तोत्रेच गायली जात. 1700 मध्ये नेहम टेट यांच्या मेंढपाळांवरील गीताला स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत जागा मिळाली आणि पुढे बराच काळ नाताळचे अधिकृत गीत म्हणून तेवढे एकच राहिले. गावोगावच्या गायकांनी यावर सुरेख तोड काढली. शब्द तेच ठेवून त्यांनी त्याला आपापल्या चाली लावल्या.

हे गायक शेतकरी, चांभार, सुतार असे कष्टकरी लोक होते. चर्चच्या मागच्या गॅलरीत व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट घेऊन ते बसत. एकोणिसाव्या शतकात धर्मगुरूंना हे गायन रांगडे वाटू लागले. ऑर्गन आले, झगे घातलेले शिस्तबद्ध गायकवृंद आले आणि गॅलरीतल्या मंडळींना निरोप मिळाला. थॉमस हार्डी यांचे वडील व आजोबा अशाच एका ताफ्यात वाजवीत. या ताफ्यांचा अस्त हार्डींनी 1872 मधल्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत रंगवला आहे.

शेफील्डच्या आसपासच्या गावांत मात्र ही गाणी संपली नाहीत, पबमध्ये गेली. डंगवर्थ, वॉरल, स्टॅनिंग्टन इथल्या पबांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती गाण्याची प्रथा आहे. रविवारी दुपारी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, कोपऱ्यातला ऑर्गन किंवा पियानो सूर देतो आणि हातात पेला घेऊन सगळे गाऊ लागतात. एका बाजूने ओळ सुटते, दुसरीकडचे खर्जातले आवाज ती पकडतात. टेट यांचे तेच गीत निरनिराळ्या चालींत येते. त्यातली ‘क्रॅनब्रुक’ ही गाजलेली चाल कँटरबरीच्या थॉमस क्लार्क या चांभाराने बांधलेली आहे. इथे श्रोता असा कोणी नसतोच, आणि कॅरलचे खरे रूप पाहायचे तर ते इथेच.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा डौल अगदी वेगळा. पहिल्या महायुद्धानंतर, 1918 च्या नाताळात एरिक मिल्नर-व्हाइट यांनी तिथे नऊ बायबलवाचने आणि कॅरल यांची उपासना सुरू केली. 1928 पासून ती बीबीसी रेडिओवरून घरोघरी पोचली. सुरुवातीचे कडवे एकच मुलगा, कोणत्याही साथीविना गातो. तो मान कोणाचा, हे ऐन क्षणी गायकवृंदाचे संचालक खूण करतात तेव्हाच कळते.

महाराष्ट्रात मिशनऱ्यांबरोबर आलेल्या पाश्चात्त्य चालींत मराठी शब्द बसवले गेले, पण ते कानाला परके वाटत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग आणि भजनाच्या वळणाची शेकडो ख्रिस्ती गीते रचून ही उणीव भरून काढली. ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती आजही गायली जातात. डिसेंबरच्या रात्री मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण पेटी, ढोलकी आणि गिटार घेऊन घरोघरी कॅरल गात जातात. त्यांच्या गाण्यांत टिळकांच्या परंपरेतली भजनेही असतात आणि मराठीत आणलेल्या पाश्चात्त्य चालीही.